घाई न करणारे सर

सोलापुरातले आमचे हे लहान मुलांचे सर्जन. आतडी पोटाबाहेर घेऊन बाळ जन्मलं, की हात धुता धुता भूल देणाऱ्या मला तोच इतिहास ऐकवतात. "पयल्या डॉक्टरांनी लई घाई केली. सगळी आतडी एकदम आत कोंबली, लेकरं गुदमरली. मग कुणीतरी आतडी पिशवीत घालून वर टांगली, रोज थोडी थोडी आत सरकवली. आपण थांबायचं की!"

आणि ते थांबतात. परवा मंद्रूप गावच्या अशाच एका बाळाचं पोट अखेर शिवून झालं. मी भूल उतरवायला लागले, तर सर म्हणाले, "थांबा, बेंबी करायची राहिली."

"तिची काय गरज, सर?"

"पोट दुखलं तर आजी हिंग कुटं लावणार?"

मी भूल पुन्हा वाढवली.