पायावरची नाडी

आमच्या खानदानात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते त्या पदवीच्या जोरावर झालं. लाइटबिल आलं की माझ्यापुढं, औषधाची चिठ्ठी आली की माझ्यापुढं, शेजारणीच्या सुनेचा सोनोग्राफीचा रिपोर्टसुद्धा माझ्यापुढं. आणि ‘मला यातलं कळत नाही’ असं मी कधी म्हटलं नाही. एकदाही नाही.

माझे वडील, आबा, वेळापूरकडून सोलापुरात आले ते टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायला. सगळी उमर उभ्यानं काम, तोंडात विडी. आई घरी विड्या वळायची, त्यामुळं आमच्याकडं विडी संपली असं कधी झालं नाही. सुपात हात घातला की विडी. दोन वर्षांमागं आबांची उजवी पोटरी चालताना भरून यायला लागली. थोडं चालले की थांबायचे, कुठल्या तरी दुकानाची पाटी वाचत असल्यासारखे. आबांना वाचता येत नाही. आणि पाय गार. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जिथं फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही, तिथं त्यांचा एक पाय गार.

“रक्ताभिसरण बिघडलंय,” मी म्हटलं. शाळेत आठवीला मी तोच धडा शिकवते. हृदयाची आकृती फळ्यावर न बघता काढते.

“बघ, आमच्या बाईनं रोगाचं नाव सांगितलं,” आबा आईला म्हणाले. अर्धा आजार तिथंच बरा झाल्यासारखे.

मोबाइलवर वाचलं की ॲक्युपंक्चरनं रक्ताभिसरण सुधारतं. भवानी पेठेत एका कापडदुकानाच्या वर एक गृहस्थ सुया टोचायचे, तिथं गेलो. माणूस नीटनेटका, बोलणं मऊ. मी विज्ञानाची शिक्षिका म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“मग मॅडम, तुम्हाला सांगायला सोपं. सुई गेली की त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त जास्त येतं, ऊब येते, दुखणंही बोथट होतं.” मग वहीतून मान वर करून विचारलं, “रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना पाय दाखवलाय ना? तपासणी झालीय?”

“हो,” मी म्हटलं.

दाखवला नव्हता. आधी एका दवाखान्यात आम्ही अर्धा दिवस बाकावर बसलो होतो आणि आतून आलेला माणूस आबांना “ए, पाय खाली घे” म्हणाला होता. तिथून मी आबांना उठवून घरी आणलं होतं. आणि इथं मला मॅडम म्हणत होते. मॅडमनं ‘नाही दाखवला’ कसं म्हणायचं? म्हणून हो.

सुया खोट्या नव्हत्या, हे मी आजही सांगेन. सुईभोवती कातडी लालसर व्हायची, हात लावला की ऊब लागायची. आबा म्हणायचे, झिणझिण्या येतात, बरं वाटतं. आई मात्र ऐकून घेणारी नव्हे.

“माणूस हाय का वाकळ, एवढ्या सुया टोचायला?”

“तुला काय कळतंय?” आबा म्हणायचे. “रक्त फिरतंय त्यानं. शिकल्याली पोरगी सांगतीय न्हवं?” आणि सुपातली विडी उचलायचे. मी त्यांना विडीबद्दल बोलायचे, पण सवयीनं, पंखा बंद करा म्हणावं तसं.

त्या दुकानाचा जिना उभा होता. पहिल्या आठवड्यात आबा त्यावर दोनदा थांबले. महिन्यानं एकदा. पुढं थांबेचनात. मी स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना सांगितलं, रक्तवाहिन्या कशा रुंदावतात ते हातवारे करून समजावलं. दोघींनी पत्ता लिहून घेतला.

एप्रिलमध्ये आई म्हणाली, “तुझा बाप पायमोजं घालून झोपतोय. इचार की कशापायी.”

मी मोजा ओढून काढला. अंगठा काळा पडला होता. नखाच्या कडेला जखम, शेजारची दोन बोटं निळसर.

“कधीपासून?”

“हाय थोडं,” आबा म्हणाले आणि मोजा परत घ्यायला हात पुढं केला.

त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेलो. सर्जन माझ्याहून लहान असेल. त्यानं आबांच्या पावलाच्या वरच्या बाजूला बोटं टेकवली, थांबला, जागा बदलली, पुन्हा थांबला. मग मला म्हणाला, “चप्पल काढा. तुमच्या पायावर इथं बोटं ठेवा.” ठेवली. ठोका लागला, टुकटुक, कातडीच्या लगेच खाली. “आता त्यांच्या पायावर.”

काही नव्हतं. गार कातडी आणि हाड.

इतकी वर्षं रक्ताभिसरण शिकवलं, आणि पायावर नाडी लागते हे मी कधी बोट लावून पाहिलं नव्हतं. बाराखडीसारखी तपासणी. फुकटची. घरात, खाटेवर बसून होणारी.

सुयांचं ऐकून सर्जन चिडला नाही. म्हणाला, “त्यानं कातडीला ऊब येते, दुखणं कमी वाटतं. पण मांडीतली मोठी रक्तवाहिनी विडीनं चोंदत आलीय. ती सुईनं उघडत नाही.”

“म्हंजे रस्त्यावरचा कॉकच बंद हाय म्हणा की,” आबा म्हणाले. “घरातल्या तोट्या सोडून काय उपेग?”

सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. आबांना एका वाक्यात कळलं. ते मला पदवी घेऊन कळलं नव्हतं.

“पण जिन्यावर तर थांबत नव्हता तुम्ही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

आबा भिंतीकडं बघत होते. “दुखत हुतं की. पण तू लई खूश हुतीस. म्हटलं, पोरगी एवढी सांगतीय, तर दात आवळून चढावं.”

“सोबत शिकलेलं कोण आहे?” नर्स कागद घेऊन आली. आईनं माझ्याकडं बोट केलं. सही मी केली.

ऑपरेशननं मांडीतली वाहिनी थोडी मोकळी झाली, पाऊल वाचलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. अंगठ्याशिवाय चप्पल पायात ठरत नाही. उजवी चप्पल उंबऱ्याशी तशीच पडून आहे, आई टाकू देत नाही. घरात विडी दिसू नये म्हणून ती आता वळायला शेजारणीच्या ओट्यावर बसते. आबांनी विडी सोडली आणि आईशी बोलणंही अर्धं सोडलं. सुयांवाल्या गृहस्थांचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. त्यांनी विचारलं होतं. खोटं मी बोलले होते. हे त्यांना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

डावाही पाय रोज बघा, असं सर्जननं बजावलंय. शिवाय म्हणाला, “कधी कधी आपल्याच बोटातला ठोका लागतो, फसू नका.” म्हणून शाळेतून आले की मी आबांच्या खाटेशी बसते. कालही बसले. बोटं ठेवली. काहीतरी लागत होतं, बारीक. बोट उचललं, परत ठेवलं. त्यांचा ठोका की माझा, ठरेना.

“लागतीय का?” आबांनी विचारलं. त्यांना हो ऐकायचं होतं. ‘हो’ माझ्या ओठावर आलंच होतं, सवयीचं.

“मला कळत नाही, आबा. उद्या दवाखान्यात जाऊ.”

ते माझ्याकडं बघत राहिले. “एवढं शिकून?”

“एवढं शिकून.”