फोरमनच्या कानातला ससा

फोरमनना ऐकू यायला लागलं आणि घरातल्या सशाचे दिवस फिरले.

त्याआधी दोन वर्षं दोघांचं छान जमलं होतं. ससा नातीचा. पण नात शाळेत, मुलगा आणि सून कामावर, म्हणून दिवसभर तो फोरमनच्या ताब्यात. ते पेपर वाचायचे, ससा त्यांच्या पायाशी तंगड्या पसरून पडायचा. त्याला साहेब हे नाव त्यांनीच दिलं होतं. "काम शून्य, जेवण वेळेवर, आणि काही बोललं की पाठ फिरवतो. असे तीन साहेब मी कारखान्यात पाहिलेत."

साहेब पिंजऱ्याची तार दातात धरून गदागदा हलवायचा. तळाचा पत्रा नखांनी खरवडायचा. बाहेर सोडला की कपाटाची कड कुरतडायचा. मुलगा वैतागायचा, नात डोक्यावर उशी घ्यायची. फोरमन आपले शांत. त्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

एकतीस वर्षं त्यांनी पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या खात्यात काढली. प्रत्येक ठोक्याला पायाखालची फरशी हादरायची. कानात घालायला कंपनी कापूस द्यायची. फोरमननी तो कधी घातला नाही, कारण त्यांचं सगळं काम कानावर होतं. बारा प्रेस एकदम धडधडत असताना ते मध्येच थांबायचे आणि बोट दाखवायचे. "सातवी. डाय सैल झालीय." सातवी बंद करून बघावं तर डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, खरंच सैल. त्या कानांवर त्यांनी नाव कमावलं. निवृत्त झाले तेव्हा नाव शिल्लक होतं, कान नव्हते. मुलगासुद्धा त्यांना फोरमनच म्हणायचा.

सून लोकांचे कान तपासायची. दवाखान्यात दिवसभर हळू आवाजात बोलायची आणि घरी येऊन सासऱ्यांशी ओरडून. कानाचं मशीन घाला म्हणून ती सहा वर्षं त्यांच्या मागे लागली होती. फोरमनचं एकच उत्तर. "मला नीट ऐकू येतं. तुम्ही लोक पुटपुटता."

मग मागच्या महिन्यात रस्ता ओलांडताना एका स्कूटरनं त्यांना पाडलं. तीनदा हॉर्न दिला, असं स्कूटरवाला शपथा घेऊन सांगत होता. कोपर टम्म सुजलं. त्या संध्याकाळी मुलानं पहिल्यांदा बापावर आवाज चढवला. मशीन नसेल तर एकट्यानं बाहेर पडणं बंद. म्हणजे सकाळची फेरी बंद, चौकातला चहा बंद, जुन्या कामगारांची बैठक बंद. फोरमननी दोन दिवस घरात काढले. तिसऱ्या दिवशी कान पुढे केला. "घाल काय घालायचंय ते."

पहिल्या दिवशी ते घरभर फिरून वस्तू वाजवत होते. चमचा कपावर. किल्ल्या टेबलावर. पेपरचं पान उलटलं आणि दचकले. नात काहीतरी बडबडत होती, तिला म्हणाले, "तू इतकं बोलतेस?"

संध्याकाळी साहेबानं तार धरली.

फोरमन खुर्चीतून ताडकन उठले. "कोण पत्रा कापतंय?"

"आजोबा, साहेब आहे."

"हा? हा एवढा आवाज करतो?"

"रोजच करतो."

सशांची जागं असण्याची वेळ पहाट आणि संध्याकाळ. पहाटे साडेपाचला तार, पत्रा, परत तार. मशीन घालूनच झोपणाऱ्या फोरमनची झोप उडायची आणि तळपायाची आग मस्तकात जायची. दोन वर्षं मांडीवर घेऊन ज्याचे कान कुरवाळले त्याला ते आता उभ्या घरासमोर शिव्या घालत होते. नातीनं पिंजऱ्याखाली जाड चादर घातली. सुनेनं रबरी चटई आणली. नात दर वेळी धावत जाऊन कोबीचं पान द्यायची, तेवढी दोन मिनिटं शांतता. मग परत टर्रर्र.

पाचव्या दिवशी फोरमननी मशीन कानातून उपटलं आणि ड्रॉवरमध्ये फेकलं.

"हे घातलं की तुमचा ससा माझ्या डोक्यात शिरतो. एक तर तो जाईल, नाही तर हे."

नात रडायला लागली. ड्रॉवरमध्ये गेलेलं मशीन परत कानात जात नाही, हे सुनेनं दवाखान्यात कितीदा तरी पाहिलं होतं. आणि हे नसलं तर सासरे काय करतील तेही तिला माहीत होतं. कोणाचं न ऐकता, चप्पल घालून, त्याच रस्त्यावर.

सकाळी तिनं ड्रॉवर उघडला. "साफ करून आणते, बाबा. दमट झालं असेल."

संध्याकाळी तिनं ते स्वतः त्यांच्या कानात बसवलं. साहेब पिंजऱ्यात होता. फोरमन दबा धरून बसल्यासारखे बसले. काही नाही. दिवे लागले, जेवणं झाली. काही नाही.

"शहाणा झाला वाटतं," फोरमन म्हणाले.

"चटईचा गुण," सून म्हणाली आणि ताटं उचलायला वळली.

दोन दिवस घरात आनंदीआनंद. तिसऱ्या दिवशी दुपारी नात शाळेतून आली, तिनं साहेबाला पिंजऱ्यात ठेवलं आणि हात धुवायला गेली. फोरमनचं सहज लक्ष गेलं. साहेबानं तार दातात धरली होती. तो ती हलवत होता. सगळा पिंजरा थरथरत होता. कडेला लावलेल्या बाटलीतलं पाणी डुचमळत होतं.

आवाज नव्हता.

फोरमन खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले. एकतीस वर्षांत त्यांनी हलणारं आणि न वाजणारं लोखंड पाहिलं नव्हतं. त्यांनी पिंजऱ्यावर हात ठेवला. हाताला थरथर लागली. म्हणजे लोखंड ठीक होतं. बिघाड दुसरीकडे होता.

त्यांनी पेपरचं पान कानाजवळ चुरगाळलं. काही नाही. किल्ल्या टेबलावर टाकल्या. ठप्प, जशा गादीवर पडल्या. मग नातीला हाक मारली.

"माझ्या मागे उभी राहा आणि म्हण, सशाची शेपटी."

ती म्हणाली. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, "अ... आ... ची... ए... टी."

"परत."

परत तेच. नात घाबरली. "आजोबा, मागच्या आठवड्यात तर तुम्हाला सगळं ऐकू येत होतं ना?"

"तेव्हा येत होतं."

त्यांनी शेजारच्या बाईंना नातीकडे बघायला सांगितलं आणि चप्पल घातली. दवाखाना वीस मिनिटांवर. ट्रकचा घरघराट येत होता. बसचा येत होता. कोपऱ्यावर एक सायकलवाला त्यांच्या पोटाशी येऊन थांबला आणि तोंड वेडंवाकडं करून ओरडला. त्याचा अंगठा घंटीवर होता, अजून दाबत होता. फोरमनना फक्त अंगठा दिसला.

दवाखान्यात बाकावर पाचसहा जण बसले होते. सून काउंटरशी उभी राहून एका म्हाताऱ्या बाईंना कागद समजावत होती.

"साफ केलंस काय गं मशीन?" फोरमनचा आवाज एकदम खात्यातला.

तिच्या हातातला कागद थांबला. "बाबा, आत या. इथं नको."

"का? इथं कोणाला ऐकू जाणार आहे?"

बाकावरचा एक जण फसकन हसला. म्हणजे एकाला तरी जात होतं. सुनेनं सासऱ्यांचं मनगट धरलं आणि त्यांना आतल्या खोलीत नेऊन दार लावलं.

"सशाचा आवाज काढून घेतलास."

"कमी केला."

"कमी? शून्य आहे. त्याच्याबरोबर पोरीचे अर्धे शब्द गेले. सायकलची घंटी गेली. आत्ता येताना एक जण अंगावर येता येता राहिला."

ती पांढरीफटक पडली. पण मग तिचाही तोल गेला. "मग काय करणार होते मी? ड्रॉवरमध्ये फेकलंत तुम्ही! सहा वर्षं घसा फोडला मी तुमच्यापायी. पाच दिवस, फक्त पाच दिवस घातलंत! अगदी न घालण्यापेक्षा थोडं कमी ऐकू आलेलं बरं, असं वाटलं मला. आणि नवीन माणसाला आम्ही कमीच ठेवतो. महिनाभरात हळूहळू वाढवतो. सगळ्यांचंच करतो."

"सगळ्यांना सांगून करता?"

ती कॉम्प्युटरकडे वळली.

"मी काहीतरी विचारलं."

"सांगून करतो."

"मग मला का नाही?"

"तुम्ही हो म्हटलं नसतं."

"नसतं म्हटलं! भांडलो असतो. हे टेबल उलटं केलं असतं. ते करायला तरी मला वाव ठेवायचा होतास." फोरमनचा श्वास चढला होता. "मी दोन दिवस तुझं कौतुक करत होतो. चटई चांगली आणलीस म्हणून. तू ताटं उचलत होतीस. घरात माझ्याशी कोणी नीट बोलत नव्हतं, वर्षानुवर्षं नव्हतं, मला वाटायचं मीच बहिरा, त्यांचा काय दोष. आता मशीन लावल्यावरही मी काय ऐकायचं ते तू ठरवणार? मला न विचारता?"

सुनेनं मशीनची वायर कॉम्प्युटरला जोडली. स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. एक रेघ डावीकडून बरी चालली होती आणि उजव्या टोकाला धाडकन खाली पडली होती.

"हे बारीक, टोकदार आवाज. इथं ओढली मी खाली."

"वर घे."

"एकदम नको, बाबा. डोकं उठेल."

"डोकं माझं आहे. वर घे."

तिनं घेतली. पहिल्यांदा ऐकू आली ती माउसची टिक. मग पंख्याची किरकिर. मग जवळच, ओलसर, थांबून थांबून येणारा एक आवाज.

"नाक पूस," फोरमन म्हणाले.

"चुकलं माझं."

"हो. चुकलं."

तिच्यासाठी ते थांबले नाहीत, एकटेच घरी आले.

संध्याकाळी त्यांनी पिंजरा बाल्कनीत काढला आणि पाना मागवला. दाराची कडी सैल होती, तीच तारेपेक्षा जास्त वाजत होती. दार आणि चौकटीच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवली. पत्र्याचा तळ काढून टाकला, जागी फळी घातली. खरवडायला एका खोक्यात पेपरच्या पट्ट्या भरल्या. कुरतडायला झाडाच्या सालीसकट काटक्या. मग नातीला समोर बसवलं.

"त्यानं तार हलवली की तू काय करतेस?"

"पान देते."

"म्हणजे आवाज केला की बोनस. मग कुठला कामगार आवाज बंद करेल? पान द्यायचं, पण वेळेवर. त्यानं मागायच्या आधी. आवाज करताना त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"आणि तो थांबलाच नाही तर?"

"तर मी बघतो त्याच्याकडे."

पहिले काही दिवस साहेबानं उलट जास्तच धिंगाणा घातला. मग तार कमी झाली. काटकी वाढली. बंद काही झालं नाही. सशाचे दात वाढतच राहतात, तो कुरतडणारच.

पहाटे साडेपाचला सून पाणी प्यायला उठली तर फोरमन खुर्चीत. कपाळावर आठ्या. समोर साहेब काटकी फोडतोय, कर्र, कर्र. मशीन फोरमनच्या कानात.

"बाबा, काढून ठेवा ना थोडा वेळ. झोपताना काढायचंच असतं."

"आणि तू साफ करायला नेशील."

तिनं मान खाली घातली. तो टोमणा या आठवड्यातला चौथा होता.

"यापुढं हे दवाखान्यात जाईल तेव्हा मी बरोबर येणार," ते म्हणाले. "काय वर करतेस, काय खाली करतेस, मला दाखवून."

"बरं."

"आणि माझा राग अजून गेलेला नाही."

"दिसतंय."

साहेबानं काटकी टाकली आणि पेपरच्या खोक्यात उडी मारून दोन्ही पायांनी उकरायला सुरुवात केली. फोरमननी त्याच्याकडे असं पाहिलं की माणूस असता तर राजीनामा दिला असता. मग ते उठले, चप्पल घातली आणि फेरीला निघाले. जिन्यात खालपर्यंत त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. अर्ध्या शिव्या सशाला होत्या, अर्ध्या सुनेला. मशीन कानातच होतं.