अड्याळच्या पुलाचं फाउंडेशन

सकाळचे अकरा वाजले होते. अड्याळजवळ नाल्यावर नवा पूल झाला होता आणि पुलाला लागूनच दयाराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. माझी जुनी अँबेसेडर आत उभी होती. मी बाहेर बाकावर वही उघडून बसलो होतो.

हसायचं असेल तर हसा, पण हातातला चहाचा कप खाली ठेवून. मला स्वतःला अजून हसू येत नाही.

पंधरा वर्षं बातमीदारी केलेली. ठेकेदार दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जायचा. त्या पुलावर तर माझा दातच होता. गाडी पुलाचा चढ चढू लागली की खालून दणका बसायचा आणि स्टिअरिंगपासून कवळीपर्यंत सगळं थरथरायचं. सपाट रस्त्यावर एवढं नाही, पुलावरच. आता तुम्हीच सांगा, आणखी काय पुरावा हवा होता मला? "पुलावर असं का होतं, ते शोधून काढ," एवढंच मी दयारामला सांगितलं होतं.

तासाभराने तो हात पुसत बाहेर आला. "साहेब, फाउंडेशन बसलं ना."

मी उठून उभा राहिलो. "खाली जाऊन पाहिलंस?"

"खाली गेल्याबिगर कसं दिसन? हात लावला तं हालून राहिलं."

"माल कसला आहे?"

"डुप्लिकेट. लावणाऱ्यानं फसवलं."

"आणि असंच राहिलं तर?"

"एखाद्या दिवशी तुटन अन् सारं खाली येईन. पण तुम्ही हे लिहून कायले राहिले?"

"लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, दयाराम."

तो माझ्याकडे आदराने बघत राहिला. "असा इचार करणारा गाडीवाला मी नाही पाह्यला, साहेब."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी: पुलाचं फाउंडेशन बसलं, बोगस मालाचा वापर. तिसऱ्या दिवशी पूल बंद. एसटी अलीकडूनच परत फिरू लागली आणि बाजाराला जाणाऱ्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन नाल्याच्या पाण्यातून जाऊ लागल्या. पुलाचं काम पाहणारा ओव्हरसियर निलंबित झाला.

तो माझ्या घरी आला. बसला नाही. "बातमीत जाणकार म्हणून लिहिलंय, तो कोण आहे जी? नाव सांगा. मी त्याले पुलाखाली नेतो, त्यानं मले बोट लावून दाखवावं. घरात कमावणारा मी एकटा हावो."

मी म्हणालो, "बातमीदार आपला माणूस उघड करत नाही." हे वाक्य मी फार गंभीरपणे म्हणालो. आठवलं की आजही कान तापतात.

रविवारी गाडी आणायला गेलो. दयारामने रबराचा आणि लोखंडाचा एक चेचलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. "हे घ्या तुमचं जुनं फाउंडेशन. इंजन याच्यावर बसते. तुम्ही चढावर गिअर बदलवता, तवा ते आदळे."

"आणि पुलाचं फाउंडेशन?"

"पुलाले काय धाड भरली?"

मी तिथूनच ओव्हरसियरच्या घरी गेलो आणि तो तुकडा त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो बराच वेळ उलटापालटा करून पाहिला. "याच्यापायी?" एवढंच म्हणाला.

मी खुलासा लिहिला. तो आतल्या पानावर, टेंडरच्या जाहिरातीखाली, चार ओळींत छापून आला. तपासणीत पूल ठणठणीत निघाला, ओव्हरसियर कामावर परत आला. पण त्याच्या सर्व्हिस बुकात माझ्या बातमीचं कात्रण टाचलेलं राहिलं आणि बढतीची वेळ आली की साहेब लोक नेमकं तेच पान उघडू लागले.

चूक माझी, कात्रण काढा, असं मी खात्याला लेखी दिलं. उत्तर आलं: सदर बातमीदाराने स्वतःच्याच बातमीविरुद्ध लिहिले असल्याने त्याचे म्हणणे विश्वासार्ह धरता येत नाही.

मग ज्या बातमीदाराचं म्हणणं धरता येत नाही, त्याची बातमी कशी धरली? हे विचारायला मी सात अर्ज केले. ओव्हरसियर ओव्हरसियर म्हणूनच निवृत्त झाला. सातही अर्जांना उत्तर आलेलं नाही.