तांबेआबांची कळलावी बेवारस नाही

सुनंदावहिनींचा, तांबेआबांच्या सुनेचा, फोन आला तेव्हा मी परळच्या छापखान्यात उभी होते, हातात सभेच्या पत्रकाचं प्रूफ. "आबा गेले गं… सकाळीच," एवढंच त्या म्हणाल्या. मी प्रूफ तसंच टेबलावर टाकून निघाले. ते पत्रक चुकांसकट छापलं गेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. या गोष्टीला सहा आठवडे झाले. शोकसभेत बहुतेकजण म्हणाले, तांबेआबा गरीब स्वभावाचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साफ खोटं आहे हे. या माणसाने नायगावच्या आमच्या चाळीत, भर गॅलरीत, मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी असलेली वेल चाळीसेक वर्षं वाढवली आणि कोणाच्याही सांगण्यावरून काढली नाही. हा काय गरीब स्वभाव झाला?

आबा बागेत माळी होते. दिवसभर सरकारी गुलाब छाटायचे आणि घरी येऊन कळलावीची सेवा करायचे. तिचा कंद त्यांनी रत्नागिरीकडच्या आपल्या गावातून, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेचा खणून आणला होता. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात वाळूमिश्रित माती, आणि वर गॅलरीच्या कठड्यापासून वाशापर्यंत ताणलेल्या सुतळ्या. सुतळीच हवी, कारण या वेलीच्या प्रत्येक पानाचं टोक लांबून वळतं आणि त्या टोकाने ती धरून चढते. जाड गज तिला धरता येत नाही. पाऊस पडला की कोंब, श्रावणात फुलं. उघडताना हिरवट पिवळी, मग पाकळ्या उलट्या वर वळून खालून पिवळ्या, वर लालभडक, पेटल्यासारख्या. लोक म्हणायचे, ही घरात असली की भांडणं होतात. आबा म्हणायचे, "व्हायलाच पायजेत. भांडण झाल्याबिगर या चाळीत नळाला पाणी तरी आलंय का कधी?"

आमची खोली त्यांच्या शेजारची. आम्हीही रत्नागिरीकडचेच, आमच्याकडे तेरड्याची गौर येते आणि तिला कळलावीची फुलं लागतात. या फुलांना आमच्याकडे गौरीचे हात म्हणतात. आबांच्या घरात देव नव्हता. बुद्ध होता आणि निळ्या कोटातला फोटो होता. तरी दरवर्षी आई त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि आबा फुलं तोडून तिच्या ताटात टाकायचे. मी सातवीत असताना सहज बोलून गेले, "आबा, आई तुमच्या फुलांवर गोमूत्र शिंपडते." त्यांनी विचारलं, "आणि दादरच्या मंडईतनं आणलेल्या फुलांवर?" मी म्हटलं, "नाही." पुढच्या वर्षी आई ताट घेऊन गेली तेव्हा वेल फुलांनी लगडलेली, आणि आबा दारात खुर्ची टाकून बसलेले. "यंदा तुमच्या गौरीला हात नाहीत, बाय. बिनहाताची बसवा."

आई रडत घरी आली, मला एक ठेवून दिली. दिवे लागले तशी उठली आणि आमच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं ते तिने केलं. उंबरा ओलांडून आत गेली, तांबेआजींच्या हातचा चहा प्यायली आणि "चुकले मी" म्हणाली. आबांनी तिला माफ केलं वगैरे नाही. म्हणाले, "जा, तोड तुझ्या हातानं. नि नंतर साबण लाव, विष हाय त्यात." तेव्हापासून आई दरवर्षी आत जाऊन चहा पिऊन मग फुलं तोडायची. माझ्या राजकारणाची सुरुवात कुठल्या शिबिरात झाली नाही. त्या चहाने झाली.

पण मी काही लगेच शहाणी झाले नाही. चाळ पाडायची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझ्या अंगात आंदोलन शिरलं होतं. मार्चचा महिना, गॅलरीत आबांचा डबा, त्यात नुसती सुकी माती. मी आमच्या मागण्यांचा बोर्ड त्यात ठोकला, काठी चांगली वीतभर आत घातली. आबा आले, त्यांनी बोर्ड उपटला आणि माती उकरून कंद बाहेर काढला. नांगराच्या फाळासारखा दोन फाट्यांचा कंद, माझ्या काठीने मधोमध मोडलेला. "काय गं पत्रक," ते मला पत्रकच म्हणायचे, "रिकामी वाटली?"

"हो, आबा…"

"तुमच्या सभेत पण असंच. जो बोलत नाय तो तुम्हाला दिसत नाय."

मग त्यांनी मला दाखवलं. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. एका फाट्याचा डोळा चेचला होता, दुसऱ्याचा शाबूत. शाबूत फाटा त्यांनी राख लावून पुन्हा पुरला. हिवाळाभर आणि उन्हाळाभर पाणी नाही, कोंब दिसल्याशिवाय थेंबही नाही, नाहीतर कंद कुजतो. त्या वर्षी फुलं आली नाहीत. पुढच्या वर्षी आली.

चाळ रिकामी झाली तेव्हा आबा टेम्पोत तो डबा मांडीवर घेऊन बसले. नवी इमारत होईपर्यंतच्या संक्रमण इमारतीत आमची दोन्ही घरं सातव्या मजल्यावर, पॅसेज अंधारा. ऊन येतं ते एकाच जागी, आबांच्या दाराशी, सकाळी दोन तास. डबा तिथे ठेवला. सेक्रेटरी, म्हणजे आपल्याच चाळीतला माणूस, याचाच मला जास्त राग, म्हणाला, विषारी झाड, मुलं आहेत, काढा. आबांनी पाटी लावली: "विषारी आहे. खाऊ नये." आणि सेक्रेटरीला म्हणाले, "आमच्या चाळीतल्या एका पोराला तरी काय झालं? तू पण त्यातलाच एक."

मग आबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तिसऱ्या दिवशी लिफ्टजवळ नोटीस: पॅसेजमधील रिकाम्या व बेवारस कुंड्या रविवारपर्यंत हटवाव्यात. कुंड्या! सगळ्या पॅसेजमध्ये कुंडी एकच आहे. माणूस हयात होता तोवर समोर उभं राहायची हिंमत नव्हती, आणि आता बेवारस? सुनंदावहिनी म्हणाल्या, "जाऊ दे गं. आम्हाला इथंच राहायचंय. घरात घेते." पण घरात ऊन नाही. घरात घेतली की वेल मेली. मी दोन पानी पत्रक लिहिलं. आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "येवढं कोण वाचणार?"

रविवारी सेक्रेटरी दोन माणसं घेऊन आला. आई आमच्या दारातून पदर खोचत निघाली.

"काय वो, काय नेताय?"

"काकी, रिकामी कुंडी आहे. मालक नाही."

"रिकामी नाय ती. निजलीय. नि मालक मी. लिवा माजं नाव."

"तुमचं दार तर तिकडे आहे, काकी."

"मग? माजी कुंडी मी दारात ठेवीन नायतर तुज्या डोक्यावर ठेवीन. पेन हाय का?"

त्याच्याकडे पेन नव्हतं. माझ्याकडे होतं. आईने लिफ्टजवळची नोटीस काढली, भिंतीला टेकवली आणि तिच्यावर आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, खाली खोली नंबर. मग पेन सुनंदावहिनींपुढे धरलं. त्यांनी एकदा सेक्रेटरीकडे बघितलं आणि खाली आपलंही नाव लिहिलं.

माती अजून कोरडी आहे. पाणी घातलेलं नाही, घालणारही नाही. जूनमध्ये कोंब येईल. ज्यांना डबा उचलायचाय त्यांनी खुशाल यावं. आम्ही घरीच असतो.