साडेसातवर अडकलेलं पान

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. अंगावर सांडला तर तेही माझ्याच नावावर लागायचं, आणि माझ्या नावावर आधीच पुरेसं आहे.

मी पारनेर तालुक्यातल्या एका दूध संघात हिशेबनीस आहे. पण पुस्तकं चाळून, इंटरनेट धुंडाळून स्वतःच जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकलो आणि संघाची वेबसाईट माझ्या गळ्यात पडली. दुधाचा टँकर कुठल्या गावात किती वाजता येणार, हे त्या साईटवर दिसतं. कागदी सूचना केव्हाच बंद झाल्या. लोक मोबाईलवर वेळ बघतात आणि किटल्या उचलतात.

साईटला एक खोड होती. नव्यानं चढवली की प्रत्येक पान पहिल्यांदा उघडताना रखडायचं. आमची पानं जेएसपीची, म्हणजे जावात लिहिलेली. कुणी मागितलं की सर्व्हर आधी ते पान कंपाईल करणार, म्हणजे कच्च्या फाईलचं चालतं पान बनवणार, मग दाखवणार. पाहुणा ताटावर बसल्यावर पीठ मळायला घेण्यासारखंच हे! आणि तो पहिला पाहुणा नेमके आमचे मॅनेजर गाडेसाहेब असायचे.

मग मी शक्कल लढवली. साईट चढवतानाच सगळी पानं आधी कंपाईल करून टाकली. भाकरी थापून टोपल्यात तयार! पानं टपाटप उघडायला लागली. गाडेसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तिथंच माझी अक्कल रजेवर गेली असावी.

पुढं ऊन वाढलं आणि टँकर साडेसातऐवजी साडेसहाला निघायचं ठरलं. मी सर्व्हरवरची फाईल उघडली, साडेसात खोडून साडेसहा केलं आणि सेव्ह केलं. एका ओळीसाठी अख्खी साईट पुन्हा कोण चढवतो? वर्षानुवर्षं आम्ही असंच करत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका गावाच्या डेअरीच्या सेक्रेटरीचा फोन.

"भाऊसाहेब, टँकर गेला की ओ! मोबाईलवर तर साडेसात दावतंय. आमी किटल्या घिऊन उनात हुबं हाय!"

त्या दिवशी त्या गावात घरोघरी खवा आटत होता म्हणे.

मी पान उघडलं. साडेसात! फाईल उघडली. साडेसहा! पुन्हा पान, साडेसात. पुन्हा फाईल, साडेसहा. तुम्ही असता तर म्हणाला असता, मशीनमध्ये काहीतरी घोळ आहे. मी काय म्हणालो असेन? हे माणसाचं काम! लोकांनी पान बघितलं की कुणीतरी साडेसात करतो आणि मी फाईल उघडायच्या आत साडेसहा करून ठेवतो. काय चपळाई! काय कावा!

एवढ्या वेगानं टाईप करणारा ऑफिसात एकच, रंगनाथ शेळके. शिवाय तो दिवसातून दोनदा सर्व्हरच्या खोलीत जायचा. कशाला? तर डब्यातलं दही ठेवायला! "एशी हाय ना तितं, आंबत न्हाई." दह्याचं निमित्त किती दिवस चालणार, सांगा!

मी पासवर्ड बदलला. पान साडेसातच. खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात. पान साडेसातच! मग कीबोर्डवर पावडर शिंपडली. बोटांचे ठसे उमटतील, चोर सापडेल. दुपारी शेळके माझ्या टेबलाशी आला आणि निरखून बघायला लागला.

"भाऊसाहेब, एका दिसात मिशी पिकली व्हय?"

खोलीत जाऊन फाईल तपासून मीच नुकता मिशीवर हात फिरवत बाहेर आलो होतो. पण मला वाटलं, बघा, पावडरीचंसुद्धा याला ठाऊक आहे!

आता धीर धरवेना. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाचा टँकर चुकला, तसा मी गाडेसाहेबांच्या केबिनमध्ये शिरलो आणि सगळा संशय ओतला. साहेबांनीही तो लगेच उचलला. शेळकेची बदली नागापूरच्या गोदामावर! ऑर्डर टाईप झाली, फक्त सही व्हायची होती. शेळकेला बोलावलं.

"सायेब, नागापूरला गेलो तर म्हशीची धार कोन काढनार? घरी म्या एकलाच हाय ओ. अन् म्या त्या पानाला हातबी लावला न्हाई!"

"मग कुणी लावला?" मी गरजलो.

शेळकेनं साहेबांच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "सायेब, यांना ते पानच पुसून टाकाया सांगा. पानच न्हाई म्हनल्यावर म्या बदलू काय?"

"पुसा," साहेब म्हणाले.

मी साहेबांच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर गेलो आणि सगळ्यांसमोर फाईल उडवली. मग विजयी मुद्रेनं साईट उघडली.

पान दिमाखात उभं. साडेसात!

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. शेळकेनं दोन्ही हात वर केले. "बघा ओ, हात वरती हायत माजे. आता ह्येबी म्याच केलं का?"

आणि माझ्या पाठीतून घामाची धार सुटली. टोपल्यातल्या भाकऱ्या! पानं आधीच कंपाईल करून मीच सर्व्हरला सांगितलं होतं की आता फाईलकडे बघूच नकोस, तयार आहे तेच वाढ. पीठ बदललं म्हणून टोपल्यातली भाकरी थोडीच बदलणार? पीठ फेकून दिलं तरी टोपलं भरलेलंच!

"मग पान बदलतंय कोण?" साहेबांनी विचारलं.

"कुणीच नाही, साहेब."

"म्हणजे?"

"तेच तर झालंय, साहेब. कुणीच बदललेलं नाही. मीसुद्धा."

साहेबांनी ऑर्डर फाडली. मी मान खाली घालून उडवलेली फाईल साडेसहा घालून परत लिहिली आणि अख्खी साईट पुन्हा कंपाईल करून चढवली. पानावर साडेसहा झळकलं. शेळके दह्याचा डबा आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाय ठेवला, तर टेबलावर चहा हजर, वर बशी झाकलेली. मन भरून आलं. काय मोठ्या मनाचा माणूस! एक घोट घेतला. गारढोण! वर जाड साय.

"शेळके, अहो, हा चहा कधीचा?"

"कालचा हाय, भाऊसाहेब. तुमाला थांबाया लागू न्हाई म्हनून आदीच करून ठिवला."

निमूट प्यायलो. साखर मात्र अगदी मला लागते तेवढीच होती. तेवढ्यातही थोडा संशय आलाच: याला कसं कळलं?