फादरांचा शेवटचा प्रश्न

अमरावतीच्या एका मिशन कॉलेजात जीवशास्त्राचा प्राध्यापक नेमायचा होता आणि विषयतज्ज्ञ म्हणून, अहो, साक्षात मी बसलो होतो! समोर काजूची बशी, शेजारी प्राचार्य फादर. प्रत्येक उमेदवाराला त्यांचा शेवटचा प्रश्न एकच: "उत्क्रांती शिकवाल, पण तुमचा देवावर विश्वास आहे ना?"

एकाने उत्क्रांतीला तिथल्या तिथे बाप्तिस्मा दिला. दुसरा म्हणाला, "सर, तो धडा आपण ऑप्शनला टाकू." तिसऱ्याने गळ्यात इतका नवाकोरा क्रूस घातला होता की किमतीची चिठ्ठीही काढायची राहिली होती.

मग हिवरखेडकडचा एक गृहस्थ आला. कानाजवळ केस पिकलेले. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवणाऱ्यांना पूर्ण खुर्चीवर बसायची सवयच राहत नाही. बेडकाचं हृदय त्याने फळ्यावर असं काढलं की मी काजू चावायचा थांबलो.

"सुरेख!" फादर म्हणाले. "पण विश्वासाचं काय?"

त्याने हाताचा खडू झटकला. "फादर, पंधरा वर्षं झाली तासिकेवर शिकवून राहिलो. दर जूनमध्ये वाटते, यंदा कायम होईन. याच्याहून मोठा विश्वास कोनाचा असन?"

मी टाळीच वाजवणार होतो! फादर पोट धरून हसले, डोळे पुसले आणि प्रेमाने म्हणाले, "निवड तुमचीच. फक्त मंजुरी येईपर्यंत तासिकेवर या."

तो उठला, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि म्हणाला, "पहिला तास कितीले असते?"