वॉल्व्हच्या मशीनची घुं

आमच्या घरात ॲम्प्लिफायरला ॲम्प्लिफायर म्हणायची पद्धत नव्हती. ते ‘मशीन’. वडिलांचा, म्हणजे आमच्या दादांचा, शेवगावात स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्न असो, सप्ताह असो, की घोडेगावच्या बाजारात हरवलेल्या म्हशीची पुकारणी असो, काचेच्या दिव्यांसारख्या वॉल्व्हचं ते जडशीळ मशीन सायकलला बांधून दादा हजर. पुढं ते माळ्यावर गेलं आणि मी नगरला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले. दादा अजूनही सांगतात की हिला सोल्डरिंगचा डाग द्यायला मीच शिकवलं आणि हिचे टाके अजून कच्चेच आहेत.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मशीन खाली काढलं. सप्ताहात पुन्हा यावरच भजन वाजवायचं, म्हणाले. दादा मशीनमध्ये हात घालणार आणि मी नगरला.

त्यांचा एक नियम होता. वॉल्व्हचं मशीन चालू असलं की कर्ण्यातून ‘घुं’ असा आवाज येतो. बटण बंद केलं, तरी आतली वीज ओसरेपर्यंत तो थोडा रेंगाळतो. म्हणून, “घुं चालू, हात बाहेर. घुं बंद, हात आत.” उभ्या आयुष्यात त्यांना एकदाही झटका बसला नव्हता, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगत.

रविवारी गावी जाऊन मी मशीन उघडलं आणि कपाळावर हात मारला. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार, म्हणजे वायर जळेल पण फ्यूज जाणार नाही. ट्रान्सफॉर्मरची जोडणी दोनशे व्होल्टवर. त्या काळी पंप चालू झाले की गावातली लाईट मरगळायची, म्हणून कर्णा मोठा वाजावा यासाठी दादांनी केलेली ही युक्ती. आता घरात दोनशे चाळीसच्या वर लाईट येते. तसंच लावलं असतं तर वॉल्व्हना घाम फुटला असता.

मी दोन रविवार लावले. जोडणी दोनशे चाळीसवर घेतली, खरा फ्यूज बसवला, तीन पिनांची वायर टाकून पत्र्याला अर्थिंग दिलं. फुगलेले कंडेन्सर बदलले. बंद केल्यावर त्यांच्यात साठलेली वीज आपोआप निघून जावी म्हणून एक रेझिस्टन्सही टाकला. ओसरीवर मशीन चालू केलं आणि काय सांगू, घुं गायब! माझी छाती फुगली. कौतुक करायला कुणी नव्हतं, आई बाजारात आणि दादा परसात होते, म्हणून मी स्वतःच्या कौतुकाचा चहा ठेवायला आत गेले. मशीन चालू, खालचा पत्रा उघडा. मुलांना याच चुकीसाठी मी वर्गाबाहेर काढते.

चहा घेऊन आले तर दादांनी मशीन आडवं केलेलं. वॉल्व्हची बाजू भिंतीकडे, वर दुपारचं ऊन, त्यामुळं चालू वॉल्व्हची लाली दिसायचा प्रश्नच नव्हता. माझा टाका तपासायला त्यांचं बोट निघालं होतं.

“दादा!” मी किंचाळले. शेजारची म्हातारी बाहेर आली. दादांनी मान वळवली नाही.

चहा फेकून मी त्यांची बंडी मागून धरली आणि ओढलं. दोघंही ओसरीवर बसलो.

“येड लागलं का गं? बंद तर हाय!”

मी मीटर लावून दाखवला. चारशेच्या वर. दादा आकड्याकडं बघत राहिले.

“घुं न्हाई आली,” ते हळूच म्हणाले.

“मी काढली. पण मी एवढी ओरडले ते?”

दादा मीटरच्या वायरी गुंडाळायला लागले. तेव्हा मला त्यांच्याशी फोनवर होणारं बोलणं आठवलं. जेवलात का? व्हय. काय जेवलात? व्हय. मी हसून आईला सांगायचे, दादांचं लक्षच नसतं. त्यांना जाड आवाजाची घुं ऐकू येत होती, माझं बोलणं नाही. आणि ती घुंही मीच काढून घेतली होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

भावानं आणलेलं कानाचं यंत्र कपाटात तसंच पडून होतं. “लोकान्ला मशीन भाड्यानं देनारा मानूस कानात मशीन घालील व्हय?” असं त्यांचं म्हणणं.

मी पंपाच्या स्टार्टरवर असतो तसला टपोरा लाल दिवा मशीनला बसवला. नवा नियम केला: दिवा विझला की पिन काढायची, शंभर मोजायचे, मीटर लावायचा, मग हात. दादांनी मुकाट्यानं ऐकलं. नंतर उठले आणि कपाटातून ती डबी घेऊन आले. यंत्र कानात घालून, मशीन चालू करून कर्ण्यासमोर बसले.

“बघा,” मी सवयीनं मोठ्यानं म्हणाले, “घुं गेली ना?”

त्यांनी मान तिरकी केली. “गेली कुटं? बारीक हाय की अजून.”

मी कर्ण्यात कान घातला. होती.

“आन् वरडतीस कशापायी?” दादा म्हणाले. “मला ऐकू येतंय.”